बार्शी लाइटचं मॉडेल: गाड्या शोधायच्या कशा आणि कोणत्या क्रमाने

कुर्डुवाडीहून पंढरपूर, मिरज आणि लातूरकडे जाणारी जुनी छोटी लाईन, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, मॉडेल करून टेबलावर उभी करायला निघालेले बरेच जण एकाच जागी अडकतात. आधी एखादं देखणं वाफेचं इंजिन आवडतं आणि ते घेतलं जातं. मग त्याच्यामागे लावायला डबे येतात, मग रूळ येतात. सगळं एकत्र मांडल्यावर लक्षात येतं की इंजिन एका प्रमाणातलं, डबे दुसऱ्या प्रमाणातले आणि रूळ तिसऱ्याच देशातल्या गाडीचे आहेत.

तयार खोक्यात बार्शी लाइट मिळेल या आशेवर राहू नका. ही गाडी दुसऱ्यांच्या मॉडेलांचे भाग जमवून करावी लागते. त्यासाठी डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा मोजपट्टी हातात घ्यावी, आणि इंजिनाची खरेदी डबे आणि वाघिणी (मालडबे) यांच्या मागे ठेवावी. पुढचे टप्पे याच क्रमाने करा.

१. साल, स्थानक आणि एकच गाडी ठरवा

‘बार्शी लाइट’ एवढं ठरवून भागत नाही. ही लाईन १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी टाउन अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनीकडून घेतली आणि डब्यांवर मध्य रेल्वे आली. पुढे डिझेल इंजिनं आली आणि सरतेशेवटी लाईन रुंद झाली. यातलं कोणतं साल घ्यायचं यावर तुमची खरेदीची पूर्ण यादी अवलंबून आहे.

जागा कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १९२७ च्या आधीचं पंढरपूर घ्या. मिरजेकडचा फाटा अजून नसल्याने ते शेवटचं स्थानक होतं. एका बाजूने गाडी आत येते, इंजिन सुटतं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी परत निघते. दुसऱ्या बाजूला रूळ न्यायचेच नसल्याने टेबलाची एक कड मोकळी राहते, आणि तरी खेळायला भरपूर हालचाल मिळते.

कुर्डुवाडीचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो, कारण तिथे मुंबई-सोलापूर मार्गाची मोठी लाईन शेजारी आहे. तो मोह महागात का पडतो ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

स्थानक ठरलं की एक गाडी लिहून काढा: इंजिन कोणत्या वर्गाचं, मागे किती डबे, किती वाघिणी, गार्डाचा डबा कुठे.

*तपासा:* कागदावर एक साल, एक स्थानक आणि एक गाडी आहे का? ‘१९१० ते १९६०’ असं लिहिलं असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही.

२. प्रमाण ठरवा, पण गुणाकार करून

बार्शी लाइटच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. प्रमाण १:८७ म्हणजे मॉडेल मूळ गाडीपेक्षा ८७ पट लहान. मॉडेलच्या रुळांमधलं अंतर प्रमाणाने गुणलं की उत्तर ७६२ च्या जवळ यायला हवं. बाजारात सहज मिळणारे पर्याय तपासू:

- १:७६ प्रमाण, ९ मिमी रूळ: साधारण ६८५ मिमी. सुमारे १० टक्के कमी.
- १:८७ प्रमाण, ९ मिमी रूळ: ७८३ मिमी. जेमतेम ३ टक्के जास्त.
- १:४८ प्रमाण, १६.५ मिमी रूळ: ७९२ मिमी. ४ टक्के जास्त.
- १:२४ प्रमाण, ३२ मिमी रूळ: ७६८ मिमी. जवळजवळ अचूक, पण बागेत मांडायचा आकार.

खोलीत मांडायचं असेल तर १:८७ आणि ९ मिमी घ्या. युरोपात याला एचओई म्हणतात. ऑस्ट्रियातल्या अरुंद गाड्यांचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६० मिमी आहे, आपल्यापेक्षा फक्त २ मिमीने कमी. त्यामुळे त्या गाड्यांसाठी केलेली मॉडेलं आपल्यालाही चालतात. शिवाय एन स्केलच्या (आणखी लहान, साधारण १:१५० ते १:१६० प्रमाणाच्या) गाड्याही ९ मिमी रुळांवरच धावतात, त्यामुळे त्यांची चाकं, बोग्या (डब्याखालच्या फिरत्या चाकजोडण्या) आणि मोटरवाल्या चॅसी (चाकांसकट खालचा भाग) हा सगळा साठा उघडा होतो.

१:७६ मध्ये ब्रिटिश अरुंद गाड्यांची मॉडेलं विपुल आहेत आणि ती सुरेखही आहेत. पण त्यांतल्या बऱ्याचशा मूळ गाड्या दोन फुटी रुळांच्या आहेत. अडीच फुटी बार्शी त्या प्रमाणात केली की अंग मोठं आणि रूळ चिंचोळे असा प्रकार होतो, आणि समोरून काढलेल्या फोटोत तो लपत नाही.

आता कुर्डुवाडीची अडचण. आपली मोठी लाईन १६७६ मिमीची. १:८७ मध्ये ती १९.३ मिमी भरते, पण दुकानात मिळणारे रूळ १६.५ मिमीचे असतात, म्हणजे युरोपच्या १४३५ मिमी लाईनचे. ते वापरले तर शेजारी उभी असलेली छोटी लाईन अकारण मोठी वाटू लागते, आणि दोन गेजमधला फरक हाच तर त्या स्थानकाचा चेहरा. कुर्डुवाडी करायचीच असेल तर मागच्या बाजूला मोठ्या लाईनचा एकच रूळमार्ग १९.३ मिमी अंतरावर हाताने चिकटवा. त्यावर गाडी चालवू नका, उभी ठेवा.

*सावधान:* एकाच टेबलावर १:७६ ची माणसं आणि १:८७ चे डबे आणू नका. पाच फूट सहा इंचांचा माणूस १:८७ मध्ये १९ मिमी उंच, १:७६ मध्ये २२ मिमी. दाराशी उभा केला की गाडी खेळण्यातली वाटते.

३. मापांचा कागद तयार करा

बहुतेकांना या टप्प्याचा कंटाळा येतो. पुढचा खर्च वाचवणारा टप्पाही हाच आहे.

बार्शी लाइटचे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी एक गोष्ट आपल्यासाठी सोपी करून ठेवली आहे. त्यांनी प्रत्येक आसावरचा भार ५ टनांवर बांधून घेतला आणि मालवाहू वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादाच्या एकाच नमुन्याच्या सांगाड्यावर बांधल्या. त्या सांगाड्याची लांबी २५ फूट, म्हणजे ७६२० मिमी. १:८७ मध्ये ही लांबी साधारण ८७.५ मिमी होते. हा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहा. वाघीण उघडी असो की बंद, खालचा सांगाडा तोच, म्हणजे एक सांगाडा नीट जमला की पुढच्या वाघिणी त्याच मापाने होतील.

बाकीची मापं जुन्या फोटोंतून काढायची. त्याची रीत अशी:

1. अगदी बाजूने काढलेला फोटो निवडा. तिरका फोटो मापासाठी निरुपयोगी.
2. त्यात लांबी ठाऊक असलेली वस्तू शोधा. वाघिणीचा सांगाडा सगळ्यात सोयीचा.
3. फोटोवर ती मोजा. समजा सांगाडा ९६ मिमी भरला आणि दरवाजा १९ मिमी.
4. १९ ला ९६ ने भागा, ७६२० ने गुणा. दरवाजा १५०८ मिमी.
5. त्याला ८७ ने भागा. मॉडेलवर दरवाजा १७.३ मिमी.

प्रवासी डब्यांसाठीही हेच करा: लांबी, छताची उंची, दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर, खिडक्यांची संख्या. बोगी म्हणजे इथे डब्याखालची चार चाकांची फिरती जोडणी, पूर्ण डबा नव्हे. इंग्रजी-जर्मन जाहिराती वाचताना हा घोळ हमखास होतो आणि डबा समजून नुसती चाकं मागवली जातात.

इंजिनासाठी तीन गोष्टी लिहा: चाकांची मांडणी, जोडदांड्याने बांधलेल्या चाकांचा व्यास, आणि पोलादी चौकट चाकांच्या आत आहे की बाहेर. बाजूने पाहिल्यावर चाकांचे आरे स्पष्ट दिसत असतील तर चौकट आत. चाकं पत्र्याआड आणि बाहेर फक्त जाड क्रँक फिरताना दिसत असतील तर चौकट बाहेर.

*तपासा:* कागदावर प्रत्येक मापाचे दोन आकडे हवेत, मूळ मिमी आणि मॉडेलचे मिमी. दुसरा रकाना रिकामा ठेवून बाजारात शिरलात तर भूल पडणारच.

४. आधी वाघिणी आणि डबे

इंजिनाच्या आधी मागची गाडी घ्यायची, कारण वळण किती मोठं लागेल, जोडणीची उंची किती आणि ओझं किती हे तिच्यावरूनच कळतं.

वाघिणीसाठी मला सगळ्यात सोयीची वाटणारी युक्ती: अमेरिकी एन स्केलचा ५० फुटी सपाट मालडबा घ्यायचा. १:१६० मध्ये तो ९५ मिमी लांब असतो. मधून साडेसात मिमीचा तुकडा काढा, दोन्ही भाग खालून पितळी पट्टीवर चिकटवा, आणि ८७.५ मिमीचा बोगीवाला सांगाडा तयार. वर प्लास्टिकच्या पत्र्याचं नवं अंग बसवा. अंग सांगाड्यापेक्षा रुंद होऊन दोन्ही बाजूंना बाहेर येईल. ते तसंच हवं, अरुंद गाड्या तशाच दिसतात.

एक पडताळणी मात्र करा. एन स्केलच्या अमेरिकी बोगीत दोन आसांमधलं अंतर साधारण १०.५ मिमी असतं. ८७ ने गुणलं की ९१३ मिमी, म्हणजे तीन फूट. चाकाचा व्यास ५.२ मिमी असेल तर १:८७ मध्ये तो ४५२ मिमी होतो, म्हणजे जेमतेम दीड फूट. तुमच्या कागदावरचं चाक यापेक्षा मोठं असेल तर बोगी ठेवा, चाकं बदला. ६.२ मिमीची चाकं ब्रिटिश एन स्केलसाठी मिळतात. बदलल्यावर डब्याची उंची अर्धा मिमी वाढते, तेवढा वॉशर काढून टाका.

प्रवासी डब्यांसाठी ऑस्ट्रियन ७६० मिमीच्या गाड्यांचे बोगीवाले डबे पाहा, पण छत आणि खिडक्या बदलाव्या लागतील हे धरूनच. लांबी आधी, खिडक्या नंतर. ४० फुटी डबा १:८७ मध्ये १४० मिमी होतो. कागदावरच्या लांबीपेक्षा ५ मिमीने कमी-जास्त असलेला डबा चालेल. १५ मिमीने जास्त असलेला कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

*सावधान:* दोन टोकांना दोन-दोन बफर (धक्का झेलणाऱ्या तबकड्या) असलेला डबा तसाच वापरू नका. छोट्या लाईनच्या गाड्यांना मध्यभागी एकच बफर असतो आणि जोडणीही तिथेच. जोडीचे बफर कापून काढणं पाच मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण ते करत नाहीत आणि गाडी युरोपातलीच दिसत राहते.

५. इंजिन: चाकं जुळवा, अंग नंतर करता येतं

इंजिनाचा रंग, धुराडं, टाकी, छप्पर हे सगळं बदलता येतं. चाकांची मांडणी बदलणं फार कठीण. म्हणून शोध चॅसीचा घ्यायचा.

बार्शीचं सुरुवातीचं ए वर्गाचं इंजिन लीड्सच्या किटसन कंपनीचं, ०-८-४ मांडणीचं: पुढे सुटी चाकं नाहीत, आठ जोडलेली, मागे चार छोटी. टाकी अंगावरच, वेगळं टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नाही. इथे पहिला सापळा आहे. ऑस्ट्रियाच्या यू वर्गाचं लिलिपुट कंपनीचं मॉडेल ९ मिमी रुळांवर चालतं, गेज जुळतं, टाकीही अंगावर आहे, म्हणून ते घेतलं जातं. पण त्याची जोडलेली चाकं सहा आहेत. त्यावर ए वर्गाचं अंग चढवलं तर मधलं एक चाक गायब असतं आणि जोडदांडा आखूड दिसतो.

आठ जोडलेली आणि मागे चार अशी मांडणी ऑस्ट्रियातच मारियाझेल मार्गाच्या एमएच वर्गात आहे आणि त्याची ९ मिमी मॉडेलंही निघाली आहेत. मात्र त्याची मागची चार चाकं टेंडरसारख्या मागच्या भागाखाली असल्याने अंग पूर्ण नव्याने करावं लागतं. आठ चाकांचा खालचा भाग हाती लागतो, तेवढ्यासाठी ते उपयोगी.

नंतरच्या काळातलं एफ वर्गाचं २-८-२ इंजिन निवडलं असेल तर काम बरंच सोपं होतं, कारण या मांडणीची एन स्केल इंजिनं पुष्कळ आहेत. जपानी डी-५१ हे त्यातलं एक. मूळ डी-५१ चं मोठं चाक १४०० मिमीचं. जपानी एन स्केल १:१५०, म्हणजे मॉडेलवर ते ९.३ मिमी. ८७ ने गुणलं की ८१२ मिमी. जपानच्या मोठ्या इंजिनाचं चाक छोट्या लाईनच्या इंजिनाला बरोबर बसतं, ही या छंदातली मजा आहे. कागदावरच्या व्यासापासून १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा.

डिझेलचा काळ निवडणाऱ्यांना सगळ्यात कमी कष्ट. छोट्या लाईनच्या झेडडीएम डिझेल इंजिनासाठी एन स्केलच्या डिझेलची चॅसी घ्यायची. फोटोत एका बोगीखाली दोन आस आहेत की तीन, एवढं मोजून घ्या. सगळी झेडडीएम इंजिनं सारखी नाहीत.

६. पैसे देण्याआधी

नव्या मालाबद्दल सांगण्यासारखं थोडंच: परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा, आणि सुटे दातेरी चाक मिळतं का ते आधी विचारा.

जुना माल घेताना मात्र विक्रेत्याकडून हे मागा:

- इंजिन हळू चालतानाचा व्हिडिओ. ताशी २५ किमी वेग १:८७ मध्ये सेकंदाला ८ सेंमी होतो. म्हणजे मीटरभर रूळ कापायला १२-१३ सेकंद. एवढ्या संथ गतीत धक्के न खाता जात असेल तर मोटर आणि दाते ठीक. जोरात पळवून दाखवलेला व्हिडिओ काहीच सांगत नाही.
- खालून काढलेला फोटो. चाकावरचं रबर वाळलेलं, दातेरी चाकाला आसाजवळ चीर, हे तिथेच दिसतं.
- मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला बाजूचा फोटो. नुसतं ‘एचओई’ लिहिलेलं पुरेसं मानू नका; जुन्या मालाच्या जाहिरातीत १:७६ आणि १:८७ ची सरमिसळ नेहमीची आहे.

माल हाती आल्यावर कॅलिपरने दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ९ मिमी रुळांसाठी ते साधारण ७.४ मिमी असावं. एका आसावर ७.४ आणि दुसऱ्यावर ७.१ असेल तर गाडी सरळ रुळावर चालेल आणि सांध्यावर घसरेल. लोक मग रुळांना शिव्या देतात.

७. अंग छापून घेताना

थ्रीडी प्रिंट सोयीचं आहे, पण दोन चुका जवळजवळ ठरलेल्या असतात.

पहिली: १:७६ साठी केलेली फाईल ८७.५ टक्क्यांवर आणून १:८७ ची छापणे. अंग लहान होतं, आणि त्याबरोबर चॅसीसाठी ठेवलेली पोकळीही लहान होते. चॅसी मात्र होती तेवढीच राहते. शिवाय १ मिमीची भिंत ०.८७ मिमीवर येऊन वाकायला लागते. फाईल लहान केल्यावर पोकळी आणि भिंतींची जाडी हाताने दुरुस्त करा.

दुसरी: चॅसी हातात येण्याआधीच अंगाची फाईल अंतिम करणे. मोटरची उंची छापील मापापेक्षा एखाद्या मिमीने जास्त निघाली की बॉयलर फोडावा लागतो. चॅसी मोजा, आधी जाड पुठ्ठ्याचं कच्चं अंग करून बसवून पाहा, गाडी वळणावर फिरवा, मगच छापा.

*तपासा:* पुठ्ठ्याचं अंग चढवून वळणावर मागची चार चाकं पूर्ण फिरतात का? फिरत नसतील तर अंगाची मागची बाजू आतून खरवडावी लागेल.

८. रूळ

एन स्केलचे साधे रूळ वापरू नका. गेज तेच असलं तरी त्यातले स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि दाटीने मांडलेले असतात. अरुंद गाड्यांसाठी केलेले ९ मिमी रूळ घ्या. पेको कंपनीचे सहज मिळतात.

रुळाच्या उंचीकडेही पाहा. कोड ८० म्हणजे ०.०८० इंच, २.०३ मिमी. १:८७ मध्ये ती उंची १७७ मिमी होते, आजच्या मोठ्या लाईनच्या जाड रुळापेक्षाही थोडी जास्त. बार्शीचे रूळ यार्डाला ३० पौंड वजनाचे, जेमतेम ३ इंच उंचीचे. कोड ५५ घेतला तर १२२ मिमी, कोड ४० घेतला तर ८८ मिमी. कोड ४० दिसायला उत्तम, पण खोल कडांची जुनी चाकं त्यावर खिळ्यांना आपटत जातात. मी असतो तर चालत्या मार्गाला कोड ५५ घातला असता आणि रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग देऊन माती वरपर्यंत आणली असती.

वळणाची त्रिज्या २२८ मिमीच्या तयार तुकड्यांवर ठरवू नका. आठ जोडलेली चाकं आणि १४० मिमीचा डबा यांना ३५० मिमी तरी द्या.

९. जोडणी, वजन, रंग

गाडीभर एकच प्रकारची जोडणी ठेवा. ऑस्ट्रियन डबे, अमेरिकी वाघिणी आणि जपानी इंजिन यांच्या जोडण्या एकमेकींत अडकत नाहीत आणि उंचीही वेगळी असते. एक प्रकार निवडा, उंचीसाठी पुठ्ठ्याचा एक साचा कापा, प्रत्येक गाडी त्याला लावून पाहा.

रिकामी वाघीण वजन नसल्याने उडते. ८७ मिमीच्या वाघिणीला एकूण ३० ग्रॅमच्या आसपास वजन द्या. ते तळाशी आणि दोन्ही बोग्यांवर सारखं वाटलेलं हवं.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या टप्प्यातलं साल समोर ठेवून. कंपनीच्या काळातल्या डब्यावर मध्य रेल्वेची अक्षरं, किंवा डिझेलमागे १९१० चा डबा, अशा चुका इथेच होतात. अक्षरं चिकटवण्याआधी पूर्ण गाडी एकदा न रंगवता दोन्ही दिशांना, पुढून आणि ढकलत, चालवून घ्या. उलट्या दिशेने ढकलताना जो डबा घसरतो, त्याची बोगी आवळलेली असते. स्क्रू पाव फेरा सैल करा आणि पुन्हा ढकला.